इंग्लंडमधला छोटा फुटबॉल क्लब खालच्या लीगमध्ये घसरला की बंद पडतो का?

नाही, सहसा पडत नाही. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की "असल्या हरणाऱ्या क्लबवर लोक पैसे का उधळतात?", ते मला झोंबलं, म्हणून लिहायला बसले.

मी कार्लाइलला नर्स आहे. स्कॉटलंडच्या सीमेलगतचं हे शहर, आणि इथला क्लब कार्लाइल युनायटेड. २०२३ मध्ये प्लेऑफ (वर चढायच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) जिंकून आम्ही लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर गेलो, २०२४ मध्ये तळाला राहून परत लीग टूमध्ये, चौथ्या स्तरावर आलो आणि २०२५ मध्ये तिथूनही घसरून पाचव्या स्तरावरच्या नॅशनल लीगमध्ये. इथे 'लीग' म्हणतात ती वरच्या चार स्तरांनाच, म्हणजे आम्ही लीगबाहेर. त्या शेवटच्या हंगामात मॅनेजर झाले तीन. पॉल सिम्पसनना हंगाम सुरू होऊन महिना व्हायच्या आत काढलं. मग माइक विल्यमसन आले, ते फेब्रुवारीत गेले आणि मार्क ह्यूज आले. या धरसोडीनेच आम्हाला बुडवलं, असं माझं ठाम मत आहे. सिम्पसन इथलेच, कार्लाइलमध्ये जन्मलेले. २००४ मध्ये क्लब पहिल्यांदा लीगबाहेर पडला तेव्हा तेच मॅनेजर होते. त्यांनी एका वर्षात टीम परत वर आणली आणि २००६ मध्ये लीग टू जिंकूनही दिली. अशा माणसाला थोडा वेळ द्यायला हवा होता.

माझे दाजी मँचेस्टरला राहतात आणि मँचेस्टर सिटी क्लबचे कट्टर चाहते आहेत. त्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आले होते, तेव्हा मी त्यांना मॅचला घेऊन गेले. ब्रंटन पार्कला वॉरिक रोडच्या बाजूला उभं राहून मॅच बघायची जागा आहे, तिथे मी नेहमी असते. पाऊस तिरका येत होता. आमची टीम चेंडू मागच्या मागे फिरवत होती आणि आजूबाजूचे लोक मैदानाइतकेच हातातल्या फोनकडे बघत होते. आमच्यासारख्याच तळाशी झगडणाऱ्या ॲक्रिंग्टनचं काय, ट्रॅनमियरचं काय? लीग टूमध्ये २४ टीम आणि खाली जाणार दोनच, त्यामुळे आपल्या गोलाइतकाच दुसऱ्याने खाल्लेला गोलही मोलाचा. आम्ही हरलो. दाजी म्हणाले, "तू एवढी थंडीत कुडकुडत यासाठी पैसे मोजतेस?"

शेजारी एक पेन्शनर आजोबा नेहमी असतात. दाजी मँचेस्टरचे आहेत एवढं कळल्यावर त्यांनी ८ मे १९९९ ची गोष्ट काढली. हंगामाचा शेवटचा दिवस, समोर प्लिमथ, १-१ बरोबरी. तिकडे आमच्यासोबत तळाशी असलेल्या स्कारबराची मॅच बरोबरीत संपलेली, म्हणजे आम्ही जिंकलो नाही तर लीगबाहेर. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत आम्हाला कॉर्नर मिळाला. गोलकीपर जिमी ग्लास, तोही स्विंडनकडून उसना आणलेला, मैदानभर धावत पुढे आला. स्कॉट डोबीचं हेडर प्लिमथच्या गोलकीपरने परतवलं, चेंडू ग्लासच्या पायाशी आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. आम्ही वाचलो. आजोबा तेव्हा त्याच बाजूला उभे होते. सांगताना पायरीवर बूट आपटून चेंडू कुठे पडला ते त्यांनी दाखवलं.

मग मी दाजींना विचारलं, त्याच महिन्यात तुमची सिटी कुठे होती? तिसऱ्या स्तरावर! ३० मेला वेम्बलीत प्लेऑफच्या फायनलमध्ये जिलिंगहॅमविरुद्ध ९० व्या मिनिटाला दोन गोलांनी मागे होती. हॉरलॉक आणि डिकॉव्हने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर सुटका झाली. त्याही दिवसांत मेन रोडवर, सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर, गर्दी होतीच ना? ते लोक टिकले म्हणून आज दाजींना मिरवायला क्लब आहे. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ हरलं म्हणून आमच्याकडे कुणी पेठ बदलत नाही. दाजी साताऱ्याचे, त्यांना हे पटत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. घसरण्याने क्लब मरत नाही, कर्ज आणि मालक त्याला मारतात. बरी या क्लबने २०१९ मध्ये लीग टूमधून बढती मिळवली आणि त्याच ऑगस्टमध्ये पैशाच्या घोळापायी लीगने त्याला हाकलून दिलं. उलट ल्यूटन २००९ मध्ये लीगबाहेर गेला आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. रेक्सहॅम २००८ मध्ये पडला, २०२३ मध्ये परतला.

अर्थात त्याचे चटके बसतातच. लीगकडून येणारा पैसा आटतो, ऑफिसातल्या आणि स्वयंपाकघरातल्या लोकांच्या नोकऱ्यांवर गदा येते, पोरांच्या अकादमीला कात्री लागते. नॅशनल लीगमधून वर येणंही अवघड, कारण त्या २४ मधून एक विजेता आणि प्लेऑफमधून एक असे दोघेच चढतात. आणि ग्लासच्या गोलामुळे जे स्कारबरा खाली गेलं, ते कर्जात बुडून २००७ मध्ये बंद पडलं, हेही खरं. तेव्हा कुठल्या क्लबची काळजी वाटत असेल तर आधी मालक कोण आणि देणी किती ते शोधा. आणि मँचेस्टरच्या कुणी नातेवाइकाने हिणवलं तर त्याला १९९९ ची तालिका दाखवा, मी तेच केलं.