इलेक्ट्रिक गाडीची रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) कमी दिसते म्हणून घाबरू नको भाऊ
पहिल्या वर्षी बॅटरीची क्षमता थोडी घटतेच, मग घटण्याचा वेग मंदावतो. आणि स्क्रीनवरचा आकडा म्हणजे अंदाज असतो, मे महिन्यात एसी फुल करून वर्धा रोडवर १०० नं पळवशील तर कमीच दाखवेल न. आपल्या नागपुरात खरा दुश्मन ऊन आहे, ४५ डिग्रीत १०० टक्के भरलेली गाडी उन्हात उभी नको ठेवू अन् दुपारी आल्याआल्या प्लग नको लावू, रात्री लाव. बॅटरीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असेल तर रोज ८० टक्क्यांपर्यंत चार्ज बस, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून १०० कर नाहीतर टक्केवारीचा हिशोब चुकतो. अमरावतीला जायचं असलं तर १०० कर बिनधास्त, फक्त निघायच्या आधी. फास्ट चार्जर प्रवासापुरता, मी रोज लावायचो, हौस दुसरं काय.