गाडी चोरीला गेली, विम्याचे पैसे अडकले

प्रश्न : माझी चारचाकी इमारतीबाहेरील रस्त्यावरून रात्रीतून चोरीस गेली. सकाळीच एफआयआर नोंदवला, परंतु विमा कंपनीला लेखी कळवण्यास आठवडा लागला. आठ महिने झाले तरी कंपनी कधी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते, कधी उशिरा कळवल्याचा मुद्दा काढते, तर कधी दुसरी चावी आणा म्हणते. ती चावी मागेच घर बदलताना हरवली आहे. कर्जाचे हप्ते चालूच आहेत. काय करावे?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या तीन अडचणींपैकी दावा खऱ्या अर्थाने अडवणारी अडचण पहिलीच आहे आणि तिची किल्ली कंपनीपेक्षा पोलीस ठाण्यात अधिक आहे. चोरी खरी, परंतु चोर व गाडी यांचा शोध लागला नाही, असा अंतिम अहवाल पोलीस न्यायालयात सादर करतात. आपल्याकडे त्याला ‘अ समरी’ म्हणतात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केल्याशिवाय बहुतेक कंपन्या रक्कम देत नाहीत. अनुभव असा की, हे कागद कोणी पाठपुरावा केल्याशिवाय सहसा हलत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याचा उल्लेख करून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. तोंडी चौकशीची नोंद कुठेच राहत नाही. अहवाल न्यायालयात गेल्यावर फिर्यादी म्हणून आपल्याला नोटीस येईल. त्या तारखेस हजर राहून अहवालास हरकत नसल्याचे सांगा आणि आदेश होताच त्याच्या प्रमाणित प्रतीसाठी नकलेचा अर्ज करा.

उशिराचा मुद्दा आपल्या बाबतीत टिकणारा नाही. चोरीची फिर्याद पोलिसांत तत्काळ दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये दिला आहे. कंपनीच्या पत्राला उत्तर देताना या निर्णयाचा उल्लेख अवश्य करा.

चावीबाबत मात्र जपून वागावे. नवी चावी बनवून ती मूळची म्हणून देण्याचा सल्ला काही मंडळी देतात. तो मुळीच ऐकू नका, कारण कंपनीचे अन्वेषक (दाव्याची चौकशी करणारे) चाव्या तपासतात आणि खोटेपणा उघड झाला तर चांगला दावाही हातचा जातो. चावी केव्हा व कशी हरवली, ते प्रतिज्ञापत्रावर स्पष्ट लिहून द्या.

न्यायालयाचा आदेश, मूळ आरसी बुक, उपलब्ध चावी, आरटीओला चोरी कळवल्याची पोच, स्वाक्षरी केलेले फॉर्म 28, 29 व 30 (गाडीच्या मालकी हस्तांतरणाचे), बँकेची कागदपत्रे आणि सब्रोगेशन लेटर (भरपाईनंतर गाडीवरील आपले हक्क कंपनीकडे सोपवणारे पत्र) हे सर्व यादीसह एकाच वेळी द्या आणि यादीच्या प्रतीवर पोच घ्या. शेवटचा कागद कोणत्या दिवशी दिला, हे त्या पोचीवरून सिद्ध होते. ठरलेल्या मुदतीपलीकडे कंपनीने विलंब केल्यास बँक दरापेक्षा 2 टक्के अधिक दराने व्याज मागता येते. रक्कम विमापत्रातील आयडीव्हीनुसार (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत), सक्तीची वजावट (दाव्यातील आपण सोसायचा ठरावीक भाग) धरून ठरेल आणि त्यातून आधी बँकेचे येणे फिटेल. तोपर्यंत हप्ते थांबवू नका. दावा रखडला हे बँकेच्या दृष्टीने कारण होत नाही आणि सिबिल बिघडते ते आपले.

एवढे करूनही कंपनी हलली नाही, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तीच विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवा. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय आता ठाणे पश्चिमेलाच असून नवी मुंबई त्याच्या अधिकारक्षेत्रात येते. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मात्र आयोगापुढे प्रकरण दाखल केल्यावर लोकपाल तेच प्रकरण ऐकत नाहीत, म्हणून आधी लोकपालांकडे जावे. त्यांचा निवाडा न पटल्यास आयोगाचे दार आपल्यासाठी उघडे राहते, कंपनीवर मात्र तो निवाडा बंधनकारक असतो.