आजीचं गाळणं, सशाचं आतडं आणि ओआरएसमधली साखर

या वेळी कॉलऱ्यावरचे तीन प्रश्न एकदम घेतेय. पावसाळा लागला की या विषयाची पत्रं येतातच.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची आजी अजूनही हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं चौपदरी करून टाकते आणि म्हणते यानेच आम्ही पटकीतून वाचलो. मी तिला सांगितलं की कॉलऱ्याचा जंतू जेमतेम दोन मायक्रॉनचा असतो, कापडाची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी, तर ती माझ्यावर चिडली. बरोबर कोण? (सांगली जिल्ह्यातली एक वाचक)

उत्तर : अगं, तुझं गणित बरोबर आहे, पण निकाल आजीच्या बाजूने लागतो. आपण पुस्तकात वाचतो तेव्हा डोळ्यासमोर येतं की जंतू पाण्यात सुटा सुटा पोहतोय. प्रत्यक्षात व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे हाच कॉलऱ्याचा जंतू, मुळात पाण्यातलाच रहिवासी, खाडीतल्या, नदीमुखाच्या निमखाऱ्या पाण्यातला, आणि तिथे तो बऱ्याचदा कशाला तरी चिकटून असतो. त्याची खास आवडती जागा म्हणजे कोपेपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले मिलिमीटरभर लांबीचे किंवा त्याहून छोटे जीव. त्यांच्या अंगावरचं कवच कायटिनचं असतं आणि आपल्या व्हिब्रिओला कायटिन खाता येतं, म्हणजे राहायची आणि जेवायची सोय एकाच ठिकाणी. एकेका कोपेपॉडवर हजारो जंतू बसलेले असू शकतात. आता जंतू कापडातून जाईल गं, पण तो ज्याच्यावर बसलाय तो कसा जाणार?

हे रीटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं लावून धरलं. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या पाण्यात हा जंतू दाखवला, जिथे कॉलऱ्याची साथ वगैरे काही नव्हती, तेव्हा लोकांनी फार मनावर घेतलं नाही कारण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं की रोग माणसाकडून पाण्यात आणि पाण्यातून माणसात, बास. पुढे हेही कळलं की परिस्थिती बिघडली की तो एक प्रकारे निपचित पडतो, लॅबमधल्या प्लेटवर उगवत नाही पण मेलेलाही नसतो. म्हणजे कल्चर निगेटिव्ह आलं तरी पाणी स्वच्छ असेलच असं नाही, हे परीक्षेत नाही विचारलं तरी लक्षात ठेव.

मग त्यांचे सहकारी अन्वर हक आणि कोलवेल यांनी बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या गावांमध्ये तीन वर्षं बायकांना साडी चौपदरी करून पाणी गाळायला लावलं, आणि कॉलऱ्याच्या केसेस ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. हा पेपर २००३ चा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी चांगली! धुऊन धुऊन सुताचे धागे पिंजतात आणि भोकं बारीक होत २० मायक्रॉनच्या आसपास येतात. म्हणजे आजीचं विटकं लुगडंच बेस्ट, फक्त ते सुती हवं आणि गाळून झाल्यावर धुऊन कडकडीत उन्हात वाळवायला हवं. पण ४८ म्हणजे १०० नव्हे, त्यामुळे गाळ आणि मग उकळ किंवा क्लोरीन टाक, आणि आजीची माफी माग.

प्रश्न : रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात हा जंतू शोधला असं वाचलं. मग तो जंतू माणसाला नेमका मारतो कसा हे कळायला इतकी वर्षं का लागली? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, आधी एक दुरुस्ती. इटलीत फिलिपो पाचिनीने १८५४ मध्येच मायक्रोस्कोपखाली हा जंतू पाहून वर्णन लिहिलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही. कॉखला मात्र जंतू विष सोडत असणार अशी शंका होती. अडचण अशी की पुढचे बहुतेक लोक ते विष रक्तात शोधत बसले, जनावरांना इंजेक्शनं देऊन, आणि कॉलऱ्यासारखं काही दिसेना.

कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सरळ आतड्याकडे बघितलं. सशाच्या आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्हीकडून बांधायचा, त्यात जंतू टोचायचे आणि वाट बघायची, ही पद्धत १९५३ ची. मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढून टाकले आणि ते ज्यात वाढवले होते ते नुसतं पाणी टोचलं, तरी आतड्याचा तुकडा फुगून टम्म! म्हणजे जंतू नसतानाही काम होतंय, विष बाहेर सोडलेलं आहे. आणि हे आपल्याकडे कमी लोकांना माहितीये, त्याच वर्षी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून जवळपास तेच दाखवलं. मुंबई-कलकत्ता दोन्हीकडे एकाच वर्षी, साधनं बेताची. डे यांचं नाव जोशुआ लेडरबर्ग या नोबेल विजेत्याने नोबेलसाठी सुचवलं होतं, पण आपल्याकडे जिवंतपणी त्यांचं फारसं कौतुक झालं नाही, १९८५ मध्ये ते गेले. मला याचा राग येतो, असो.

ते विष आतड्याच्या पेशीत शिरून एक खटका चालू करून ठेवतं, पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते आणि त्याच्यामागे पाणी, तासाला लिटरभरसुद्धा जाऊ शकतं. आणि गंमत म्हणजे या विषाची जीन जंतूची स्वतःची नाहीच, ती एका व्हायरसने आणून दिलेली आहे, जंतूंना लागण करणाऱ्या व्हायरसने. वॉल्डोर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे जंतूला लागण झाली म्हणून आपल्याला कॉलरा.

प्रश्न : ओआरएसमध्ये साखर कशाला घालतात? आमच्या मामींना डायबेटीस आहे, त्यांना जुलाब लागले तर नुसतं मीठपाणी चालेल का? (पुणे)

उत्तर : नाही चालणार. साखर चवीला नाहीये. आतड्यात एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत येतात, आणि त्यांच्यामागून पाणी. कॉलऱ्याचं विष बाकीचं बिघडवतं पण हे दार तसंच राहतं. याच जोरावर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांमधून लोकांना प्यायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ वर आलं.

मामींना पाण्यासारखे जुलाब लागले तर ओआरएसच द्या, शुगर तपासत राहा आणि लगेच डॉक्टरकडे न्या, त्या वेळी पाणी कमी होणं जास्त धोक्याचं. आणि पाकीट अर्ध्या पाण्यात घट्ट कालवून देऊ नका, बरेच जण असं करतात. मोठं असेल तर पूर्ण एक लिटर, छोटं असेल तर २०० मिली, पाकिटावर लिहिलेलं असतं.