विश्वास कशावर उभा करायचा?

बायबल कुठून वाचायला घेऊ, असं विचारलंस. माझं ऐकशील तर पौलाचं (पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक) करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, त्याने ते लिहिलं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असं तो तिथे सरळ लिहितो. स्वतःला इतकं उघडं पाडणारं विधान सहसा कोणी करत नाही. पत्र इ.स. 55 च्या सुमाराचं. उठलेला प्रभू 500 हून अधिक जणांना दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो सांगतो. म्हणजे जा, विचारा! विश्वास अशा साक्षीवर उभा कर; प्रार्थनेत मन भरून येतं त्या दिवसांच्या भरवशावर राहू नकोस, ते ओसरतात.

सरकारचं कुठवर ऐकायचं म्हणशील, तर आधी पौलाच्याच रोमकरांस पत्राचा अध्याय 13 वाच: कर भर, अधिकाऱ्यांचा मान राख. मग बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं 5:29 (प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य). माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, हे उत्तर रोमी सुभेदाराला नव्हे, यहुदी न्यायसभेला दिलेलं होतं (हे बरेचजण विसरतात). येशूच्या नावाने शिकवायलाच मनाई झाली, तेव्हा प्रेषित अडले. फटके खाल्ले, पण हात उचलला नाही. न आवडणारा प्रत्येक नियम या वचनात कोंबू नकोस. शंका आली तर मंडळीतल्या जाणत्यांशी बोल, एकट्याने ठरवू नकोस.