प्रथिनाला बोल लावण्याआधी

प्रश्न : मी स्ट्रेप्टाव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या प्रथिनाच्या) प्लेटवर बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) लावलेला मानवी आयएल-६ रिसेप्टर (आयएल-६ हा पेशींमधला संदेश झेलणारं प्रथिन) बसवते. सिग्नल फारच फिका येतो. प्रथिनच खराब निघालं का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पोरी, ते पातळ कशात केलंस? आरपीएमआय १६४० मध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात केलं असशील, तर घोळ तिथंच आहे. त्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळं बायोटिन असतं. तुझा रिसेप्टर पोचायच्या आत ते जागा अडवून बसतं, रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावरची बाकडी जातात तसं. स्ट्रेप्टाव्हिडिनची पकडही अशी, की कितीही धुतलंस तरी ते हलायचं नाही. त्यापेक्षा पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) वापर, त्यात थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). प्लेटला नको ते चिकटू नये म्हणून करतात त्या ब्लॉकिंगला दूध पावडर नको. (आपल्याकडं दुधाचं भारी कौतुक, पण त्यातही बायोटिन असतं!) उरलेलं प्रथिन छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेव, वितळलेली नळी पुन्हा गोठवू नकोस.