‘स्थायीची मंजुरी आहे, पण तरतूद नाही’: आधी ठरावाची पूर्ण प्रत काढा

तुमचा प्रश्न वाचला. पावसाळी गटाराच्या कामाला महापालिकेच्या स्थायी समितीने, म्हणजे खर्चाला मान्यता देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीने, मंजुरी दिल्याची बातमी आठ महिन्यांपूर्वी आली आणि आता अभियंते ‘तरतूद नाही’ (म्हणजे अंदाजपत्रकात पैसे नाहीत) म्हणून हात वर करतात. हे दुखणं माझ्याही ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वकील गाठायचा की नाही, हा फार पुढचा प्रश्न.

मंजुरी नेमकी कशाला मिळाली ते आधी बघा. एकच काम स्थायीसमोर दोनदा येऊ शकतं. एकदा दुसऱ्या लेखाशीर्षातले (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या दुसऱ्या सदरातले) पैसे या कामाकडे वळवण्यासाठी, म्हणजे वर्गीकरणासाठी, आणि एकदा निविदा उघडल्यावर ठेकेदाराचा दर मान्य करण्यासाठी. बातमीत दोन्हींना ‘हिरवा कंदील’च म्हणतात. दुसरी मंजुरी असेल तर मागे करारनामा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) एवढंच उरतं. पहिली असेल तर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा असं सगळंच बाकी असू शकतं. तेवढ्यात ३१ मार्च उलटला की न खर्चलेली तरतूद जाते. तेव्हा अभियंता खोटं बोलतोय असं लगेच धरू नका.

आता ज्याने माझी सगळ्यात जास्त दमछाक केली ते. समितीपुढे जातं ते विषयपत्र, म्हणजे प्रशासनाचा प्रस्ताव. सभेत होतो तो ठराव. या दोन्हींच्या मध्ये उपसूचना, म्हणजे सदस्याने प्रस्तावात सुचवलेला बदल, असते. विषयपत्रात ‘अमुक चौक ते नाला’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि एखादे सदस्य उपसूचना देतात की ‘तसेच प्रभागातील अन्य आवश्यक ठिकाणी’. सूचक, अनुमोदक, ‘उपसूचनेसह मान्य’, पुढचा विषय. सगळं मिनिटभरात. रक्कम तेवढीच राहते, ठिकाणं वाढतात आणि तुमच्या गल्लीचा हक्काचा पैसा तिसरीकडे जायला कायदेशीर वाट तयार होते. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) ठरावाची प्रत म्हणून मला शिक्का मारून विषयपत्रच हातात ठेवलं. त्यात उपसूचनेचा मागमूस नव्हता. त्यावर केलेला सगळा पत्रव्यवहार फुकट, कारण समोरचा अधिकारी ठराव वाचून उत्तर देत होता आणि इकडे प्रस्तावाचे दाखले चालले होते. चौकशी केली तर उत्तर काय, ‘तुम्ही उपसूचना मागितलीच नव्हती.’ असो.

म्हणून अर्जात शब्दशः लिहा: ‘सभेचा दिनांक, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सर्व उपसूचनांसह ठरावाची साक्षांकित प्रत आणि त्या सभेच्या कायम झालेल्या इतिवृत्ताचा संबंधित भाग.’ इतिवृत्त म्हणजे सभेची लेखी नोंद; ती पुढच्या सभेत मान्य झाली की इतिवृत्त कायम होतं. ती सभाच श्रद्धांजली वाहून तहकूब झाली की तेही लांबतं. ठरावात ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी’ असं वाक्य असेल तर अडवायला हे कारण उरत नाही, तेव्हा ते मुद्दाम शोधा.

शेवटचा शब्दही नीट वाचा. ‘मान्य’ वेगळं, ‘दाखल करून घेण्यात येत आहे’ वेगळं. दाखल म्हणजे विषय बासनात, माझ्या मते फेटाळण्याचाच सभ्य प्रकार. ‘अभिप्रायासाठी प्रशासनाकडे’ असेल तर निर्णय झालेलाच नाही. सदस्याने आयत्या वेळी मांडलेला प्रस्ताव बहुधा असाच असतो, मागे ना पूर्वगणनपत्रक ना लेखाशीर्ष. त्याची बातमी मात्र हमखास होते.

प्रत सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा. राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे आणि तेवढ्यावरून अर्ज परत करणारे महाभाग भेटतात. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कागद मागा. त्यापेक्षा बरं म्हणजे नस्तीच (कामाची फाइल) बघायला मागणं. सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची सोय महापालिकांत असायला हवी. नस्तीत लेखा विभागाचा शेरा कोणत्या तारखेचा आहे आणि कोणत्या लेखाशीर्षाचा, ते टिपून घ्या. अडकलेलं काम बहुतेक वेळा त्याच पानावर अडकलेलं असतं.

हे सगळं १९४९ च्या महापालिका अधिनियमाखालच्या शहरांबद्दल. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. नगरपालिकांचा १९६५ चा, आणखी वेगळा. मी वकील नाही, कलमं तपासून घ्या. १९४९ च्या अधिनियमातलं कलम ४५१ मात्र वाचाच: मंजूर ठरावही राज्य सरकार निलंबित आणि पुढे विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. तुमच्या गटारासाठी कोणी तिथवर जाईल असं वाटत नाही, पण ‘ठराव विखंडनासाठी पाठवलाय’ असं कोणी तोंडी सांगितलं तर त्या पत्राचा जावक क्रमांक मागा.

आणि तरतूद खरंच गेली असेल तर जुन्या ठरावामागे धावू नका. नव्या अंदाजपत्रकात रस्त्याच्या नावासकट स्वतंत्र तरतूद मागा, तीही आयुक्तांचा मसुदा स्थायीकडे जाण्याआधी. मार्चमध्ये दिलेलं निवेदन आवक-जावकच्या पुढे सहसा जात नाही.