पशुवैद्याला विचारा: बिबट्या, बूट आणि बुळकांडी

गेल्या महिन्यात वन्य प्राण्यांच्या साथींबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांनी मला विचारात पाडलं तीच पत्रं घेतली आहेत, आणि एक भांडखोर.

डॉक्टरताई, माणूस आजारी पडला की सांगतो. पिंजऱ्यातल्या बिबट्याला बरं नाही हे तुम्हाला कसं कळतं? तो रडतो का?
*– सातवीतली एक वाचक*

रडत नाही गं, तीच तर पंचाईत. रानात जो लंगडला तो संपला, त्यामुळे दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच असतं. पिंजऱ्यात जन्मलेला, आयुष्यात शत्रू न पाहिलेला प्राणीही हेच करतो. त्यात मी म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट बाई, फुंकनळीतून सुई मारणारी. माझी नुसती चाहूल लागली तरी तापाने फणफणलेलं जनावर उठून ताठ बसायचं.

त्यामुळे पहिलं निदान माझं नसायचंच. आमच्याकडे पिंजरे सांभाळणारे एक जुने काका होते. एके सकाळी ते म्हणाले, “मॅडम, मादीने मांस खाल्लं, पण हाड फोडलं नाही.” एवढंच. मला वाटलं, दात दुखत असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिने मांसालाही तोंड लावलं नाही आणि पाण्याच्या हौदावर मान टाकून बसली, पाणी न पिता. एक भिंत सरकवून जनावराला अलगद दाबून धरता येतं असा पिंजरा असतो, त्यात घेऊन शेपटीच्या शिरेतून रक्त काढलं. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. पॅनल्यूकोपेनिया! घरच्या मांजरांना होतो तोच, पांढऱ्या पेशी संपवणारा विषाणूचा आजार. मांसाच्या कोठीमागे एका भटक्या मांजरीने पिल्लं घातली होती आणि त्यातली दोन मेलेली सापडली होती, हे मला तेव्हा कुणीतरी सांगितलं. मांजर पिंजऱ्यात गेली नव्हती. जायची गरजही नसते. हा विषाणू भांड्यांवर, झाडूवर, बुटांवर महिनोन् महिने तग धरतो. मादी वाचली. मी वाया घालवलेला तो एक दिवस मात्र मला अजून आठवतो.

हत्तीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला क्षय होतो, आणि बहुतेक वेळा तो माणसाचाच क्षय असतो, म्हणजे माणसाच्या सहवासातून आलेला. पण एवढ्या धुडाच्या छातीचा फोटो काढणार कसा? मग सोंड धुवायची. साधारण 60 मिलिलिटर निर्जंतुक सलाइन नाकपुडीत सोडायचं, हत्तीने सोंड वर धरायची, मग खाली करून पिशवीत फुंकायचं. असे तीन वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने. हे सगळं हत्तीच्या राजीखुशीने, त्यामुळे शिकवण्यातच कित्येक आठवडे जातात. आमच्या हत्तिणीने पहिल्या खेपेला ते सगळं पाणी माझ्या चष्म्यावर फुंकलं आणि पिशवी कोरडीच राहिली. नमुना मिळाला तरी जंतू वाढतात की नाही हे कळायला आठ आठवडे लागू शकतात. तोवर हत्तीबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांची थुंकीही तपासायची. काहींना त्याचा राग येतो. मला त्यांचा राग समजतो, पण तपासणी सोडून चालत नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या पक्षी विभागात शिरताना आम्हाला औषधात भिजलेल्या गादीवरून चालायला लावलं. नव्या बुटांचं वाटोळं झालं. त्याने खरंच काही होतं की नुसता देखावा?

तुमच्या बुटांबद्दल वाईट वाटलं. आणि खरं सांगू? पुष्कळदा देखावाच असतो. जंतुनाशकाला चिखल आणि विष्ठा यांचं वावडं आहे. तळव्याला शेण असेल तर औषध शेणातच खर्ची पडतं. आधी ब्रशने घासायचं, मग औषधात पाय, आणि त्यातही काही मिनिटं थांबायचं. तुम्ही दोन सेकंदांत पार झालात, आणि गादी सकाळपासून बदलली नसेल तर ती धुण्याऐवजी वाटपाचंच काम करत होती.

पण म्हणून बूट निर्दोष ठरत नाहीत. 2006 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ही बुरशी युरोप-आशियातली; तिथली वटवाघळं तिच्यासह जगतात. अमेरिकेतल्यांना ती नवी होती. थंडीत झोपलेल्या वटवाघळांना ती पुन्हा पुन्हा जागं करते, साठवलेली चरबी वसंताआधीच संपते आणि ती उपाशी मरतात. लाखोंनी मेली. समुद्र ओलांडून बुरशी तिकडे गेली ती बहुधा माणसाच्याच बुटांवर किंवा सामानावर. त्यामुळे आता गुहांत जाणाऱ्यांना एका गुहेतले कपडे दुसऱ्या गुहेत नेऊ नका असं बजावतात. तेव्हा पुढच्या वेळी जुने बूट घाला आणि त्या गादीवर जरा रेंगाळा.

आपण गुरांना, कुत्र्यांना लसी टोचतो. मग सिंह-वाघांनाच सरसकट लस देऊन मोकळं का होत नाही? निधी नाही की इच्छा नाही?

निधी आणि इच्छा या दोन्हींच्या आधी येते ती लस. कुत्र्याची लस दुसऱ्या प्राण्याला मानवेलच असं नाही. काळ्या पायांचं फेरेट हे अमेरिकेतलं मुंगसाएवढं जनावर 1970च्या दशकात संपत आलं होतं. वाचवायला म्हणून सहा पकडली आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची जिवंत, दुर्बळ केलेल्या विषाणूची लस दिली. सहांपैकी चार त्या लसीनेच मेली. बाकीच्या प्राण्यांसाठी तो विषाणू पुरेसा दुर्बळ होता, फेरेटसाठी नव्हता. लस टोचताना मला कायम ही चार फेरेट आठवतात.

दुसरी अडचण, टोचायची कशी? प्रत्येक सिंहाला बेशुद्ध करणं हाच एक धोका. कोल्ह्यांच्या बाबतीत स्वित्झर्लंडने 1978 मध्ये झकास युक्ती काढली. रेबीजची लस कोंबडीच्या मुंडक्यांत भरून रानात टाकली. कोल्ह्यांनी खाल्ली. पुढे आमिषं बदलली, ती विमानातून टाकू लागले, आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज जवळजवळ गेला. पण तोंडाने देता येणारी लस, ती खाणारा प्राणी आणि वर्षानुवर्षं नेट धरणारं सरकार, हे तिन्ही जुळावं लागतं.

मला स्वतःला बुळकांडीची गोष्ट सगळ्यात जास्त पटते. गुरांची ही साथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरली, गुरं तर गेलीच, रानरेडे आणि विल्डबीस्ट, म्हणजे तिथली कळपाने फिरणारी मोठी हरणं, तीही झडली. विसाव्या शतकाच्या मध्यावर टांझानियातल्या सेरेंगेटी या गवताळ रानाच्या आसपासच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. रानातल्या एकाही जनावराला सुई लावली नाही. 1960च्या सुमारास तिथे अडीच लाख विल्डबीस्ट होते, 1970चं दशक संपेतो ते तेरा लाखांवर गेले. टोचली गाय, वाचलं विल्डबीस्ट. 2011 मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग.

त्याच सेरेंगेटीत 1994 साली डिस्टेंपरने एक तृतीयांश सिंह मेले, आकडा हजाराच्या घरात. संशय गावकुत्र्यांवर गेला आणि कुत्र्यांना लसी दिल्या गेल्या, ते योग्यच झालं. पण नंतर जुनी रक्तं तपासली तेव्हा दिसलं की हा विषाणू सिंहांतून याआधीही फिरून गेला होता, फारसं कुणी न मरता. मग त्याच वर्षी काय झालं? आधी दुष्काळ पडला होता. रानरेडे खंगले, त्यांच्यावर गोचिडं माजली, सिंहांनी तेच रेडे खाल्ले आणि गोचिडांतला बबेसिया हा रक्तातला परजीवी त्यांच्या रक्तात बेसुमार वाढला. वरून डिस्टेंपर, जो अंगाची प्रतिकारशक्ती पाडतो. एकट्या विषाणूला जे जमलं नव्हतं ते दोघांनी मिळून केलं. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर निघाला तेव्हा ‘लस द्या’ एवढी एकच हाक ऐकू येत होती. गोचिडांबद्दल कुणी बोलतंय का, हे मी शोधत होते.

तुमच्या मागच्या लेखात सगळ्याचा दोष माणसाला, त्याच्या गाईला आणि कुत्र्याला. निसर्गात आपोआप काही होतच नाही का? हा नवा सोवळेपणा पुरे झाला.

हे ते भांडखोर पत्र, आणि मुद्दा रास्त आहे. मे 2015 मध्ये कझाकस्तानात सायगा हरणं मरू लागली. तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त गेली. कळपच्या कळप, आया आणि शेजारी पिल्लं. रोग निघाला घटसर्प, माणसाचा नव्हे, गुरांचा, म्हशी पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेला. पण हा जंतू कुणी आणला नव्हता. तो त्या हरणांच्या घशात आधीपासून निमूट राहत होता. त्या दिवसांत हवा नेहमीपेक्षा उबदार आणि दमट झाली, आणि तो उलटला. हवेने त्याला नेमकं काय केलं ते कोडंच आहे. तेव्हा सगळा दोष माणसाचा, हे माझं वाक्य मागे घेते. बराचसा, असं वाचावं.

फिरायला गेलो असताना मेलेलं हरीण दिसलं. पोट फुगलेलं, नाकातून काळसर रक्त. मुलांना शिंग हवं होतं. घेतलं असतं तर?

घेतलं नाहीत, उत्तम केलंत. अचानक मृत्यू, टम्म फुगलेलं पोट, न गोठणारं काळपट रक्त ही फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची लक्षणं असू शकतात. असं जनावर कधीच फाडायचं नसतं. आतल्या जंतूंना हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. संशय असला तर आम्हीसुद्धा कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर घेतो आणि तिथेच थांबतो. लांबून फोटो काढा, जागा नीट लक्षात ठेवा, वनखात्याला कळवा. आणि कुत्रं बरोबर असेल तर या सगळ्याच्या आधी त्याचा पट्टा धरा.